विश्लेषण : दहिसरच्या घरातली वीज आणि गॅस, दर कोण ठरवतं, किंमत कोण मोजतं?

दहिसर पूर्व असो की पश्चिम, बहुतेक घरांत ऊर्जेची दोन बिलं येतात. विजेचं दर महिन्याला आणि पाइप गॅसचं दोन महिन्यांनी. दोन्ही बिलांवर कंपनीचं नाव ठळक असतं. पण ती वीज कुठे तयार झाली, तो गॅस कोणत्या समुद्रातून आला आणि दर नेमका कोणी ठरवला, हे त्या कागदावरून सहज कळत नाही.

हा प्रश्न फक्त बिलाच्या आकड्याचा नाही. दहिसरच्या स्विचबोर्डमागे डहाणूच्या चिकूच्या वाड्या आहेत, कतारची जहाजं आहेत आणि गुहागरच्या कोळीवाड्यावर पडलेल्या लाठ्याही आहेत. ऊर्जा कंपन्यांची ताकद किती, गॅसवर अवलंबून राहणं महाग का पडतं आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात लोक रस्त्यावर का उतरले, हे समजून घेऊ.

दहिसरमध्ये वीज कोणाची?

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि चेकनाक्याच्या पलीकडे मीरा-भाईंदरमध्येही मुख्य वितरक एकच आहे, अदानी इलेक्ट्रिसिटी. चेकनाका ओलांडला की महापालिका बदलते, जिल्हा बदलतो. वीज कंपनी बदलत नाही.

ही कंपनी मुळात १९२९ साली स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडातली 'बीएसईएस'. २००३ च्या सुमारास ती रिलायन्सकडे गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे १८,८०० कोटी रुपयांच्या व्यवहारात मुंबईचा हा वीज व्यवसाय अदानी समूहाने घेतला. सुमारे ३० लाख ग्राहक, तारांचं जाळं आणि डहाणूचं औष्णिक वीज केंद्र एकाच वेळी नव्या मालकाकडे गेलं. ग्राहकांना मात्र फक्त बिलावरचं चिन्ह बदललेलं दिसलं. पुढे २०२० मध्ये कतार इन्व्हेस्टमेंट ऑथॉरिटी या कतार सरकारच्या गुंतवणूक संस्थेने कंपनीतला २५.१ टक्के हिस्सा घेतला.

दुसरा पर्याय आहे टाटा पॉवरचा. उपनगरातल्या घरगुती ग्राहकांना टाटा वीज विकू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. त्यानंतर २००९ पासून ग्राहकांना कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. पण अनेक ठिकाणी तारा पहिल्याच कंपनीच्या राहतात. त्यामुळे वीज टाटाची घेतली तरी तारांच्या वापराचं शुल्क भरावं लागतं. मोबाइलचं सिम बदलावं इतकं हे सोपं नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अदानी समूहाने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या महावितरणच्या भागांतही समांतर परवाना मागितला. त्याविरोधात ४ जानेवारी २०२३ ला राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले. जास्त पैसे देणारे शहरी ग्राहक खासगी कंपनीकडे गेले तर गावातल्या आणि शेतीच्या विजेचा भार महावितरणवर पडेल, असं कामगार संघटनांचं म्हणणं होतं. तीन दिवसांचा संप सरकारशी चर्चा झाल्यावर त्याच दिवशी मागे घेतला गेला.

पाइपातला गॅस येतो कुठून?

दहिसरच्या स्वयंपाकघरात पाइपने येणारा गॅस आणि रिक्षात भरला जाणारा सीएनजी, दोन्ही पुरवते महानगर गॅस लिमिटेड. १९९५ मध्ये गेल, ब्रिटिश गॅस आणि महाराष्ट्र सरकार यांच्या भागीदारीतून ही कंपनी उभी राहिली. ब्रिटिश गॅस पुढे शेलमध्ये विलीन झाली आणि २०१९ पर्यंत शेल महानगर गॅसमधून बाहेर पडली. आज सर्वात मोठा भागधारक गेल ही केंद्र सरकारची कंपनी आहे.

मुंबईला गॅस मिळण्याचं कारण समुद्रात आहे. १९७४ मध्ये 'बॉम्बे हाय' इथे तेल सापडलं. तिथला आणि आसपासच्या क्षेत्रांतला गॅस ओएनजीसी उरणला आणते. तो स्वस्त आहे, कारण जुन्या सरकारी क्षेत्रांतल्या गॅसचा भाव केंद्र सरकार ठरवतं. घरगुती पाइप गॅस आणि सीएनजी यांना या गॅसमध्ये प्राधान्य आहे.

अडचण अशी की जुनी क्षेत्रं आटत चालली आहेत आणि मागणी वाढते आहे. उरलेली गरज भागते नव्या विहिरींच्या महाग गॅसवर आणि आयात गॅसवर. आयात गॅस म्हणजे एलएनजी. नैसर्गिक वायू उणे १६० अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप केला जातो, जहाजातून आणला जातो आणि बंदरावर पुन्हा वायू करून पाइपात सोडला जातो.

भारत वापरतो त्यातला जवळपास निम्मा गॅस असा बाहेरून येतो. सर्वात मोठा पुरवठादार कतार आहे. पेट्रोनेट एलएनजी कतारकडून वर्षाला ७५ लाख टन गॅस घेते आणि हा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवला गेला. कतारची जहाजं होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतात. म्हणजे दहिसरच्या शेगडीचा आणि रिक्षाच्या मीटरचा संबंध थेट इराणच्या किनाऱ्याजवळच्या एका अरुंद जलमार्गाशी आहे.

गॅस महाग झाला तेव्हा काय झालं?

२०२२ हे वर्ष याचं उत्तम उदाहरण. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपियन युनियन त्याआधी आपल्या आयात गॅसपैकी सुमारे ४० टक्के गॅस रशियाकडून घेत होतं. तो कमी होताच युरोपने मिळेल त्या भावाने एलएनजीची जहाजं विकत घ्यायला सुरुवात केली. पाकिस्तान आणि बांगलादेशला ती परवडेनात आणि तिथे भारनियमन वाढलं. गेलचा एका रशियन कंपनीच्या जर्मन उपकंपनीशी दीर्घ मुदतीचा करार होता; तिचा ताबा जर्मनीने घेतल्यावर ठरलेली जहाजं आलीच नाहीत.

देशातल्या जुन्या क्षेत्रांच्या गॅसचा सरकारी भावही त्या वेळच्या सूत्रानुसार परदेशी बाजारांशी जोडलेला होता. तो एप्रिल २०२२ मध्ये एका एककाला २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर झाला आणि ऑक्टोबरमध्ये ८.५७ डॉलरवर गेला. गॅस आपल्याच समुद्रातला, काढणारी कंपनी सरकारी, तरी भाव दुप्पट-तिप्पट. राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्के केला होता, पण तो दिलासा काही महिन्यांतच संपला.

शेवटी किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल २०२३ मध्ये सूत्र बदललं. भाव कच्च्या तेलाच्या किमतीच्या १० टक्के आणि त्याला कमाल मर्यादा ६.५ डॉलर, असं ठरलं. मुंबईत सीएनजी आणि पाइप गॅसचे दर लगेच कमी झाले. पण २०२४ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये सीएनजीसाठी मिळणाऱ्या स्वस्त गॅसच्या कोट्यात सलग दोनदा कपात झाली आणि दर पुन्हा वाढले.

एक पाइप तुटला तर?

१६ नोव्हेंबर २०२५ ला याचं उत्तर मुंबईला मिळालं. ट्रॉम्बे इथे आरसीएफच्या आवारात गेलच्या मुख्य वाहिनीचं नुकसान झालं आणि वडाळ्याच्या केंद्रात येणारा गॅस कमी झाला. घरगुती पुरवठ्याला प्राधान्य दिल्यामुळे शेगड्या चालू राहिल्या, पण सीएनजी पंप एकामागून एक बंद पडले. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या. १८ नोव्हेंबरला पुरवठा पूर्ववत झाला.

रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या रिक्षाचालकाचे दोन-तीन दिवस यात गेले. 'गॅसवरचं अवलंबित्व' हा शब्द परिषदांमध्ये वापरला जातो. पंपावरच्या रांगेत त्याचा अर्थ बुडालेला धंदा एवढाच असतो.

एन्रॉन आजही का आठवावं लागतं?

ऊर्जा कंपनीची ताकद आणि आयात गॅसची जोखीम एकाच ठिकाणी पाहायची असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात जावं लागतं.

जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. स्पर्धात्मक निविदा निघाल्या नाहीत. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांची दाभोळ पॉवर कंपनी स्थापन झाली. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही आणि त्याची वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल, असं बँकेचं मत होतं. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना वीज खरेदी करार झाला.

करारातली मेख सोपी होती. वीज घेतली नाही तरी वीज मंडळाने प्रकल्पाच्या क्षमतेचे पैसे द्यायचे. हे पैसे डॉलरशी जोडलेले आणि इंधनाचा खर्च जसा येईल तसा मंडळाच्या माथी. राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. थोडक्यात, तेल वाढलं, रुपया घसरला किंवा मागणी कमी झाली, तरी तोटा मंडळाचा, म्हणजे ग्राहकाचा. कंपनीचा नाही.

पुण्यातल्या 'प्रयास' संस्थेचे गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ मध्येच या कराराचं गणित मांडून धोका दाखवला होता. त्याच वर्षीच्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची गोपीनाथ मुंडे यांची घोषणा गाजली. शिवसेना-भाजप सरकार आलं आणि ३ ऑगस्ट १९९५ ला प्रकल्प रद्द झाला. कंपनीने लंडनमध्ये लवाद प्रक्रिया सुरू केली. नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, फेरवाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने प्रकल्प पुन्हा मंजूर केला. आता तो आणखी मोठा होता, २१८४ मेगावॅटचा. मे १९९६ मध्ये केंद्रात १३ दिवस टिकलेल्या वाजपेयी सरकारने प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. दुसऱ्या टप्प्यासाठी ओमान आणि अबू धाबीहून एलएनजी आणायचे करार झाले होते. पण तोवर जगात तेल महागलं होतं आणि रुपया घसरला होता. दाभोळची वीज काही महिन्यांत मंडळाला युनिटमागे ७ रुपयांच्या वर पडली. मंडळाने कमी वीज घेतली की दर युनिटचा खर्च आणखी वाढायचा. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने प्रतिहमी वापरायला काढली. माधव गोडबोले समितीने कराराच्या प्रक्रियेवर गंभीर ताशेरे ओढले. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोर झाली.

प्रकल्प वाचवला, मग गॅस कुठे गेला?

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली आणि २००६ पासून संच पुन्हा सुरू होऊ लागले. मालक बदलले, पण इंधनाचा प्रश्न तोच राहिला. आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसवर भिस्त ठेवली गेली. तिथलं उत्पादन घसरलं आणि २०१३ मध्ये १९६७ मेगावॅटचं हे केंद्र पुन्हा ठप्प झालं. आयात गॅसची वीज परवडत नव्हती. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला सुमारे ५०० मेगावॅट वीज देण्यापुरतं ते सुरू झालं.

शेजारचं एलएनजी टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं, पण लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्यामुळे अनेक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाजं लागू शकत नव्हती. कोकणातल्या पावसाळ्याची माहिती गावातल्या कोणत्याही मच्छीमाराकडे होती.

दाभोळ एकटं नाही. देशात २० हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेची गॅस केंद्रं उभी आहेत आणि स्वस्त गॅसअभावी त्यातली बरीचशी क्षमता वर्षाचा बहुतेक काळ पडून असते.

गुहागरच्या लोकांचं काय झालं?

अंजनवेल, वेलदूर, रानवी, बोरभाटले, कातळवाडी. एन्रॉनच्या कथेत ही नावं क्वचित येतात. जमीन, पाणी आणि मासेमारी जाईल म्हणून इथल्या लोकांनी विरोध केला. डिसेंबर १९९६ पासून मोर्चे, धरणं आणि अटकसत्र सुरू झालं. मृणाल गोरे, मेधा पाटकर, निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील हे या आंदोलनाशी जोडले गेले.

३ जून १९९७ ला पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. पुरुष मासेमारीला गेले होते. घरांत प्रामुख्याने बायका आणि मुलं होती. दारं तोडून महिलांना बाहेर ओढलं, मारहाण केली, असं ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंदवलं आहे. प्रकल्पाच्या संरक्षणासाठी तैनात सरकारी दलांचा खर्च कंपनी देत होती, हाही त्या अहवालातला मुद्दा होता. कंपनीने मानवी हक्कभंगाची जबाबदारी नाकारली.

एका खासगी कंपनीच्या वीज करारावरून एखाद्या मानवी हक्क संघटनेने इतका सविस्तर अहवाल काढावा, हे तेव्हा विरळ होतं. आणि आर्थिक बाजूने गावकरी बरोबर ठरले, हे चार वर्षांत दिसलं. त्यांच्यावरच्या लाठ्यांचा हिशेब मात्र वीज मंडळाच्या तोट्यात कुठेच धरला गेला नाही.

डहाणूने काय वेगळं करून दाखवलं?

दहिसर स्थानकातून रोज डहाणू लोकल जाते. त्या मार्गाच्या शेवटी ५०० मेगावॅटचं कोळशावर चालणारं केंद्र आहे. बीएसईएसने ते १९९५-९६ मध्ये सुरू केलं. तिथून २२० केव्हीच्या वाहिन्या घोडबंदर आणि वर्सोव्याकडे येतात. उपनगरांच्या विजेचा धूर कित्येक वर्षं डहाणूने घेतला.

डहाणू हा चिकूच्या बागांचा, मासेमारीचा आणि आदिवासी पाड्यांचा तालुका. १९८९ मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर स्थानिक लोक न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प थांबवायला नकार दिला. पण त्याच वर्षी २० जूनला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. उद्योगांसाठी फक्त ५०० एकर आणि भोवती २५ किलोमीटरचा संरक्षित पट्टा.

अधिसूचना कागदावर राहू नये म्हणून नर्गिस इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा सोडला नाही. 'सँक्चुअरी' मासिकाचे संपादक बिट्टू सेहगल यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि डिसेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं.

या प्राधिकरणाने १९९९ मध्ये केंद्राला धुरातला गंधक वायू काढणारी यंत्रणा बसवायला सांगितलं. कंपनीने ते लांबवलं. प्राधिकरण मागे हटलं नाही, ३०० कोटींची बँक हमी मागितली गेली आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. देशातली बहुसंख्य कोळसा केंद्रं आजही अशा यंत्रणेविना चालतात आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्यातल्या बहुतेकांना या सक्तीतून सूटही दिली. डहाणूत ती बसली, कारण तिथे लोकांच्या बाजूने दार उघडं ठेवणारी एक संस्था होती.

गॅस खरंच स्वच्छ आहे का?

कोळशाच्या तुलनेत हो, पण अर्धवट. वीज बनवताना गॅस जाळला तर कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो. धूळ आणि राख जवळपास नाहीच. त्यामुळे मुंबईच्या रिक्षा, टॅक्सी आणि बेस्टच्या बस सीएनजीवर आल्याचा फायदा शहराच्या हवेला झाला.

पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो न जळता गळला तर वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट उष्णता धरून ठेवतो. विहीर, जहाज, वाहिनी, पंप अशा प्रत्येक टप्प्यावर गळती होऊ शकते. गळती जास्त असेल तर कोळशापेक्षा चांगला असल्याचा फायदा हातचा जातो. शिवाय २०४८ पर्यंतचे करार म्हणजे तितकी वर्षं तो गॅस घेत राहण्याची बांधिलकी. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई हवामान कृती आराखड्याचं लक्ष्य २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे आहे. त्याच आराखड्यानुसार शहराच्या उत्सर्जनात ७० टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जेच्या वापराचा आहे आणि शहराची वीज मुख्यतः कोळशाची आहे.

बदल होतोच नाही असं नाही. अदानी इलेक्ट्रिसिटीच्या विजेत अक्षय ऊर्जेचा वाटा २०२०-२१ मध्ये जेमतेम ३ टक्के होता. राजस्थानातल्या सौर-पवन प्रकल्पाची ७०० मेगावॅट वीज आल्यावर तो २०२३ पर्यंत ३० टक्क्यांवर गेला. पण बाहेरून वीज आणायला तारा लागतात. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा भागातल्या वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई अंधारात गेली, लोकल जागेवर थांबल्या, तेव्हा ही अडचण सगळ्यांना कळली. म्हणून वाड्याजवळच्या कुडूसपासून आरेपर्यंत १००० मेगावॅटची वाहिनी आखली गेली. तिच्यासाठी २०९ खारफुटी तोडायला २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली. हिरव्या विजेलाही जागा लागते आणि ती कोणाची, हा प्रश्न उरतोच.

हवामानासाठीची आंदोलनं कुठवर पोहोचली?

उपनगरांतल्या तरुणांना हा विषय सर्वात जवळून दिसला तो आरेत. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं पडू लागली. २९ जणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं गेली होती. प्रकल्प सार्वजनिक वाहतुकीचा होता, त्यामुळे पर्यावरणवाद्यांतही मतभेद होते. पण निर्णय आधी आणि चर्चा नंतर, ही पद्धत लोकांना खटकली.

जुलै २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या मसुद्याविरोधात ईमेल मोहीम चालवणाऱ्या 'फ्रायडेज फॉर फ्यूचर इंडिया', 'लेट इंडिया ब्रीद' आणि 'देअर इज नो अर्थ बी' यांच्या वेबसाइट काही काळ बंद पडल्या. मसुदा असा होता की काही प्रकल्पांसाठी जनसुनावणीच टळली असती.

राजापूर तालुक्यात तेलकंपन्यांच्या रिफायनरीचा वाद आधी नाणारला पेटला. लोकविरोधामुळे मार्च २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं. मग बारसूची जागा पुढे आली आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी बळ वापरलं, अश्रुधूर सोडला. गुहागरनंतर सुमारे २५ वर्षांनी त्याच जिल्ह्यात पुन्हा सड्यावर आडव्या पडलेल्या बायका आणि समोर पोलिसांच्या गाड्या, असं चित्र दिसलं.

दहिसरकरांच्या हातात काय आहे?

इथे वीज आणि गॅस यांच्यातला एक मोठा फरक माहीत असायला हवा.

विजेचा दर कंपनी स्वतः ठरवू शकत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोग तो ठरवतो. २००३ च्या वीज कायद्यानुसार कंपनीला खर्चाचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि आयोगाला त्यावर कारणांसह आदेश द्यावा लागतो. कोणताही ग्राहक, कोणतीही सोसायटी हरकत नोंदवू शकते. मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास यांच्यासारख्या संस्था वर्षानुवर्षं हे काम करत आल्या आहेत. २०१८ च्या अखेरीस उपनगरांत फुगलेल्या बिलांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा आयोगाने दोन सदस्यांची चौकशी समिती नेमली होती.

गॅसला असं व्यासपीठ नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ परवाने आणि वाहिन्यांचे नियम पाहतं. पण शहरात ग्राहकाला गॅस कोणत्या दराने विकायचा हे मंडळ ठरवू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१५ ला दिला. त्यामुळे मध्यरात्रीपासून दरवाढ झाली की सकाळी कळतं. हरकत घ्यायला सुनावणी नसते.

बाकी पर्याय छोटे आहेत, पण खरे आहेत. आयोगाने मार्च २०२१ मध्ये मान्य केलेल्या हरित दरानुसार युनिटमागे ६६ पैसे जादा देऊन ग्राहक अक्षय ऊर्जेची मागणी नोंदवू शकत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराला कमाल ७८ हजार रुपये, तर सोसायटीच्या लिफ्ट-पंप-दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. चाळीत किंवा गच्ची नसलेल्या घरात राहणाऱ्यांना मात्र याचा उपयोग नाही आणि उपनगरात असे लोक लाखांनी आहेत. त्यांच्यासाठी स्वस्त आणि स्वच्छ वीज ही कंपनी आणि सरकार यांच्या निर्णयांवरच अवलंबून राहते.

म्हणूनच करार होण्याआधीचा क्षण महत्त्वाचा ठरतो. एन्रॉनचा करार झाल्यावर सरकारं बदलली तरी तो मोडता आला नाही. मोडला तेव्हा कंपनीसोबत राज्याचाही पैसा बुडाला. डहाणूत प्रकल्प थांबला नाही, पण लोकांना बोलायला जागा होती म्हणून धूर तरी कमी झाला. वीज दराच्या पुढच्या प्रस्तावाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आणि आयोगाच्या संकेतस्थळावर येईल. हरकत नोंदवायला वकील लागत नाही, ग्राहक क्रमांक आणि मुदतीत पाठवलेलं पत्र पुरतं.